अडतीसचा गठ्ठा

२ फेब्रुवारी

डॉक्टरबाई म्हणाल्या, मनात येईल ते लिहून काढा, हलकं वाटेल. आता त्यासाठी नवी वही कुठं आणत बसू? दुकानातली मापवही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून मी. मध्ये कुठंतरी भेटूच.

आधी ओळख करून देते, उद्या काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्याचा गोंधळ नको. आमचं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान. सासूबाईंनी काढलं, मी वाढवलं. पाटीवर चांगलं मोठं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळ्या म्हणतात, "टेप न लावणारीकडे जा." बाई दारातलं पायपुसणं ओलांडेपर्यंत माझ्या तोंडात तिचं माप तयार असतं. आधी नजरेनं सांगायचं, मग पेटी काढायची, मग ती मागच्या खोलीत घालून बघते आणि तोंडात बोट घालते. ही विद्या सासूबाईंची. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची मापं पुटपुटत असतात. लोकांना वाटतं म्हातारी जप करतेय.

तर, मला उजवीकडे गाठ निघाली. लहान आहे, वेळेत सापडली, पण अशा जागी बसलीय की सगळंच काढावं लागणार. त्याच ऑपरेशनमध्ये कातडीखाली एक रिकामा फुगा ठेवणार. मग दर आठवड्याला सुईनं त्यात मिठाचं पाणी भरून जागा ताणायची, आणि जागा झाली की फुगा काढून कायमचं बसवायचं.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "केवढं?"

"डाव्या बाजूशी जुळेल एवढं."

"अडतीस डी," मी म्हटलं.

तर म्हणते, "आम्ही कप मोजत नाही, मिली मोजतो. कप काय, प्रत्येक कंपनीचा वेगळा. कपाचं वचन कुठलाच सर्जन देत नाही."

आता हे खरंच आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलेय. पण आपलंच वाक्य कुणी आपल्यालाच ऐकवलं की डोकं फिरतं.

९ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. दुकान वन्संच्या हाती दिलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते, तोंडानं फटकळ आणि हातानं चोख. तिची नजर मात्र बसलेली नाही. टेप लावते बिचारी.

किल्ल्या काढून देताना तीनदा मोजल्या. सत्तावीस वर्षं दुकानाच्या किल्ल्या माझ्या डाव्या कपात असतात, रुमाल आणि सुटी नाणी उजव्या. मोबाईल आला तेव्हा त्यालाही जागा झाली. भरल्या अंगाची बाई असण्याचे हे फायदे. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला एकदाच वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "अडतीस डी. मी चुकत नाही." माहेरी मला कुणी एवढं मोठं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन इंच उंच झाले.

आज लिहून ठेवते, मला तेच परत हवंय. एक बोट कमी चालणार नाही. काउंटरमागं मी उभी राहते तेव्हा बाया आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. सोनार स्वतः पितळ घालून बसला तर त्याच्याकडे कोण जाईल?

१४ फेब्रुवारी

पट्टी बदलताना पाहिलं.

काही लिहवत नाही. रडले. पोटभर रडले. नर्स म्हणाली, रडा, टाके दुखणार नाहीत असं रडा. असं कसं रडतात ते काही तिनं सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

घरी आले. रिपोर्ट चांगला आला, गाठीसकट सगळं निघालं, औषधांची मोठी फेरी लागणार नाही. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मीही मानले, पण अर्धं मन खाली बघण्यात.

हे शाळेची बस चालवतात. शंभर पोरांचा गोंगाट ऐकून माणूस मुका होतो तसे मुके आहेत. मला आणायला आले तर गाडीत माझ्या सीटच्या पट्ट्याला, छातीवर येतो तिथं, एक जुनाट, तेलकट उशी बांधून ठेवलेली. म्हटलं, "अहो, हे काय ध्यान?" तर नुसतं हं. धुवायची तरी होती. आणि घरी आल्यापासून झोपायला बाहेरच्या खोलीत. म्हणे धक्का लागेल. मला कळत नाही का? बाई अर्धी झाली की पुरुषाचं मन जातं. एकदा अडतीस होऊ दे, मग बघते कुठं झोपतात ते.

६ मार्च

पहिलं पाणी भरलं. साठ मिली. चहाचा अर्धा कप. कपाच्या हिशेबात मी नेमकी असते.

डॉक्टरबाईंशी मात्र जुंपली. त्यांनी डावीचा अंदाज काढला, म्हणाल्या एकूण साडेतीनशेच्या आसपास पुरेल. मी म्हटलं, "डावीकडे बघू नका, ती काळजीनं वाळलीय. तुम्ही उजवी अडतीसच्या हिशेबानं करा आणि डावीला तिच्याबरोबर आणा. पाचशे धरा."

त्या हसल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "बाई, टाक्याजवळची तुमची कातडी पातळ आहे. कापड नाही ते, ताणलं की ताणलं. शिवाय चांगल्या बाजूला उगाच कशाला हात लावायचा?"

मला कापड शिकवते! पण एवढं कबूल केलं त्यांनी की कातडीनं साथ दिली आणि दुखलं नाही तर पुढचं पुढं बघू. दुखलं नाही तर. ठीक आहे, दुखणार नाही.

२० मार्च

तिसरी खेप. एकशे ऐंशी झाले. "दुखतं का?" "छे." "ओढ बसते?" "मुळीच नाही."

घरी येऊन दाराला टेकून उभी राहिले. छातीवर कुणी घट्ट झाकण फिरवून बसवल्यासारखं वाटतं. हात डोक्यापर्यंत जात नाही, केस वन्सं विंचरून देते. पण आकार आलाय हो! आरशात आडवी उभी राहून पाहिलं. माझी मीच मला ओळखीची वाटले.

३ एप्रिल

तीनशेवर गेले. आणि आज घरात महाभारत.

हॉस्पिटलनं सांगितलेली हुक पुढं असलेली मऊ ब्रा आणायची होती. वन्सं म्हणाली, "वहिनी, उभी राहा, माप घेते." म्हटलं, माझं माप जगाला पाठ आहे. पण ती कसली ऐकते! टेप लावला, पुन्हा लावला, मग गप्प झाली. वन्सं गप्प झाली की समजावं काहीतरी भयंकर आहे.

"वहिनी, रागावू नकोस. तुझा घेर छत्तीसचा आहे. आणि डावी बाजू सी."

"टेप ताणलास तू."

"नाही ताणला."

"मग मी वाळलेय. आजारी माणूस आहे मी."

"तुझं वजन दोन किलोनं वाढलंय वहिनी, ह्यानंच आणलेल्या फळांनी." ह्यानं म्हणजे तिच्या भावानं.

मी म्हटलं, "ज्यांना नजर नाही त्यांनी टेपाच्या गोष्टी माझ्यासमोर करू नयेत." ती टेप तिथंच टाकून गेली. जेवायला वाढलं, पण बोलली नाही. मी तोडून बोलले, कळतंय मला. पण ऐन परीक्षेत कुणी येऊन पुस्तकच चुकीचं आहे म्हटलं तर काय करायचं?

खुर्चीतून सासूबाई सगळं ऐकत होत्या. एरवी त्यांच्या नजरेवर कुणी शंका घेतली की चवताळून उठतात. आज जप सुद्धा थांबला होता.

१० एप्रिल

तीनशे साठ. टाक्याशी कातडी चकचकीत दिसते. दुखतं का? छे.

१३ एप्रिल

लाल झालंय. हाताला गरम लागतं. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. आज भांडं उचलताना तोंडातून आवाज निघाला आणि ह्यांनी ऐकला. लगेच गाडी काढली. उशी तशीच बांधलेली. तिचा तेलकट अभ्रा बदललाय, नवा, मऊ आहे. कधी बदलला कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदा मला वरच्या आवाजात बोलल्या. "किती दिवस दुखतंय?"

मी खाली बघून सांगितलं, "दुसऱ्या खेपेपासून."

त्यांनी साठ मिली परत काढून घेतले. इंजेक्शनं, औषधं, दोन दिवस मुक्काम. म्हणाल्या, आता ह्यापुढं एक थेंब नाही. कातडी उघडली असती तर फुगा काढावा लागला असता आणि हाती काहीच उरलं नसतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. परक्या पोरीनं माझ्यासाठी घाबरावं आणि मी तिच्याशी खोटं बोलावं, हे मला शोभलं नाही. तसं म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, "मला सांगा, अडतीसच का?"

मी म्हटलं, "कारण मी तेवढी आहे."

१९ एप्रिल, रविवार

घरी. लाली उतरली. आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी सगळे बसलो होतो. मी म्हटलं, संपलं, आता काही मी पूर्वीची होत नाही, काउंटरमागं वन्संच उभी राहू दे. आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. हे उठून खिडकीशी गेले. वन्संचा अबोला तिथंच सुटला, ती माझी पाठ चोळत बसली.

तेवढ्यात सासूबाईंनी काठी आपटली. "रडू नकोस. तू अडतीस नव्हतीसच."

मला वाटलं म्हातारपण बोलतंय.

"तू आलीस तेव्हा चौतीस होतीस. मला एका नजरेत कळलं होतं. मी चुकत नाही."

"मग आई, अडतीस का सांगितलंत?"

त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "दुकानात अडतीस डीचा अख्खा गठ्ठा पडून होता. चार डझन. चुकून आला होता, कंपनी परत घेईना. तू नवी, लाजरी, काही बोलणार नव्हतीस. म्हटलं, घरातल्या घरात खपेल."

वन्संचा माझ्या पाठीवरचा हात थांबला.

"चार डझन," मी म्हटलं.

"पहिली पाच-सहा वर्षं गेली त्यात," सासूबाई म्हणाल्या. "पुढं तू आपणच अडतीस घ्यायला लागलीस. पोटचं मूल झालं, अंग भरलं, म्हटलं आता होईलच अडतीस. नाही झालीस. पण तेव्हा सांगायचं कसं? माझी नजर चुकली असं कोण म्हणणार!"

सत्तावीस वर्षं! पट्ट्या आवळून, शेवटच्या हुकावर, कपात किल्ल्या, रुमाल, नाणी, मोबाईल. घरातल्या सगळ्या सामानाला जागा होती आणि मला वाटत होतं मी भरल्या अंगाची! सगळ्या गावाची मापं सांगत फिरले, आणि मला स्वतःला बघायचं कधी सुचलं नाही. सासूबाईंचा शब्द होता ना.

आणि त्या गठ्ठ्यापायी मी कातडी फाडून घेणार होते.

आधी इतका राग आला की उठून आत गेले. उशीत तोंड खुपसलं. मग ते चार डझन डोळ्यांसमोर आले आणि हसू फुटलं. दुखेपर्यंत हसले. बाहेर येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमच्यासारखी दुकानदारीण ह्या धंद्यात झाली नाही." त्या रडत होत्या. मी त्यांचे डोळे पुसले. माफ केलं का? अजून पूर्ण नाही. हप्त्याहप्त्यानं करीन.

२० एप्रिल

ह्यांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा असं तोंडावर विचारलं. "अहो, खरं सांगा, तुम्हाला केवढी हवी?"

हे बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करताच म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? सत्तावीस वर्षं जवळ घेतलं की किल्ल्या टोचतात, एवढं माहीत आहे."

आणि बस घेऊन गेले. काय बोलावं ह्या माणसाला!

२४ एप्रिल

डॉक्टरबाईंना सगळी हकिगत सांगितली. हसता हसता त्यांना पाणी प्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आता सांगा, काय करायचं?"

मी म्हटलं, "डावीशी जुळवा. डावी वाळलेली नाही. डावी पहिल्यापासून खरं बोलत होती."

"अगदी तंतोतंत जुळणार नाही हं. नवी बाजू जरा वर राहील, जरा घट्ट. वयाबरोबर डावी उतरेल, ही नाही उतरणार."

"कुणाच्या दोन बाजू तंतोतंत असतात हो?" मी म्हटलं. "माझ्या वहीत एक बाई तशी नाही." हे मात्र मी अनुभवानं सांगितलं. ह्यात तरी मी चुकत नाही.

१६ जून

कातडी पूर्ण निवेपर्यंत थांबायचंय, ऑपरेशन ऑगस्टमध्ये. तोवर अर्धा दिवस दुकानात बसते.

आज टपालवाली आली. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, चाळीस बी, दर वर्षी दोन. टपाल ठेवून ती रेंगाळली. म्हणाली, "तुमचं कळलं. मला सांगायचं होतं, माझंही डावं नाही. अकरा वर्षं झाली. तुमच्याच ब्रामध्ये मोजे भरते."

नऊ वर्षं! पायपुसणं ओलांडायच्या आत माप सांगणारी मी! मला काउंटरखाली बसावंसं वाटलं.

"कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही टेपच लावत नाही ना. दारातच सगळ्यांसमोर माप सांगता. जवळ याल, आडोशाला न्याल, तर बोलणार."

तिला मागच्या खोलीत नेलं. वन्संचा टेप घेतला. सत्तावीस वर्षांत टेप धरला नव्हता, आधी उलटाच धरला. माप घेतलं, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. मोज्यांच्या जागी मऊ गादी बसवायला आत खिसा असलेली ब्रा मागवून देते म्हटलं. जाताना ती ताठ चालत गेली. पिशवी तीच, पाय तेच, पण चाल वेगळी.

संध्याकाळी वन्संची माफी मागितली. म्हणाली, "माफी राहू दे, टेप परत दे."

१८ ऑगस्ट

झालं. छान झालं म्हणे. मला अजून नुसती पट्टी दिसते. हे बाजूच्या खुर्चीत बसून घोरतात.

२९ सप्टेंबर

आज पट्ट्या, बंधनं सगळं सुटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता तुमच्या पसंतीची घाला.

सरळ दुकानात आले. मागच्या खोलीत आरशासमोर उभी राहिले. व्रण आहे, तिरका, गुलाबी. उजवी जरा वर आहे, हाताला अजून परकी लागते. पण काय सांगू, सुरेख दिसते. माझ्या आयुष्यात मी स्वतःला पहिल्यांदा नीट पाहिलं असेन, आणि आवडले.

बाहेरून काठीचा आवाज. सासूबाई. "मी बघणार," म्हणाल्या. आल्या, भिंतीला टेकल्या, डोळे बारीक करून वरून खाली पाहिलं. सत्तावीस वर्षांपूर्वीसारखं.

"छत्तीस सी."

मी विचारलं, "आई, आत्ता दुकानात गठ्ठा कशाचा पडून आहे?"

"बेचाळीसचा," त्या म्हणाल्या.

वन्संनं तरीही टेप लावला. छत्तीस सी. म्हातारी खरंच चुकत नाही, लबाड.

मग मापवही घेतली आणि पुढून उघडली. सगळ्या गावाचं पान आहे त्यात, माझं नव्हतं. नवं पान काढलं. लिहिलं: दुकानाची मालकीण. छत्तीस सी. उजवी डावीपेक्षा अर्धं बोट वर. टेपनं घेतलं.

नवी ब्रा घातली. पट्टी आवळावी लागली नाही, हुक पहिल्यावरच बसला. संध्याकाळी कुलूप लावून सवयीनं किल्ल्या डावीकडे घालायला गेले, तर जाईनात. एक चिमूटभर जागा शिल्लक नाही. रस्त्यात उभी राहून एकटीच हसले.

हे गाडी घेऊन आले होते. पट्ट्यावरची उशी सोडून ठेवली होती. मी किल्ल्या ह्यांच्या हातात दिल्या, म्हटलं, "आजपासून तुमच्याकडे." ह्यांनी खिशात टाकल्या. घरी आलो, दार लावलं आणि ह्यांनी मला जवळ घेतलं. बराच वेळ.

मग म्हणाले, "टोचलं नाही."